न उघडलेल्या खात्याचे पत्र

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीधर असून शहरी वस्तीतल्या एका समुपदेशन केंद्रात काम करतात. उल्लेख केलेल्या स्त्रियांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सकाळच्या सत्रात कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर एवढी चर्चा रंगली, आणि आता जेवणानंतर मी उभी राहिले आहे ती बँकेची पाकिटे घेऊन. या वेळेला डोळे मिटायला लागतात याची मला कल्पना आहे. शिवाय बँक म्हटले की आपल्यापैकी बऱ्याच जणींना वाटते, हे बचत गटवाल्यांचे काम, आपले नव्हे. मलाही तसेच वाटत होते. पण गेली दोन-तीन वर्षे असे होते आहे की मारहाणीची, पोटगीची तक्रार घेऊन येणाऱ्या बाईच्या पिशवीतून भलताच एखादा कागद निघतो. कधीही न उघडलेल्या खात्याचा, कधीही न घेतलेल्या कर्जाचा, नाहीतर कधीही न पाहिलेल्या राज्यातल्या पोलिसांचा.

एका मावशींची हकिगत सांगते. २०२५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. वय पंचावन्नच्या आसपास, चार घरची धुणीभांडी करतात, नवरा वारलेला. लाडकी बहीण योजनेचे पैसे तीन महिने आले नाहीत म्हणून त्या आमच्या केंद्रात आल्या होत्या. अंगणवाडीत विचारून झाले, वॉर्ड ऑफिसात तीन खेपा झाल्या. सगळीकडे उत्तर एकच, ‘तुमचे पैसे जमा झालेले आहेत.’ पासबुक भरून घेतले तर त्यात काही नाही. दोन्ही बाजू खरे बोलत होत्या, ही त्यातली गंमत. पण ती आम्हाला तेव्हा कळली नाही.

प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड, आधार, पासबुक असे एकेक काढताना एक जाडसर पाकीट दिसले. न फोडलेले. ‘हे काय आहे मावशी?’

‘ते कुठल्या तरी बँकेचं हाय. पोस्टमननं दिलं. दोन म्हयने झाले. मी फोडलं न्हाई.’

‘का?’

‘फोडलं म्हंजी आपण घेतलं असं हुतं ना?’

मी हसणार होते, पण थांबले. कारण हे त्यांना शिकवले होते ते आपल्यासारख्याच कुणीतरी. त्यांच्या मुलीला सासरकडून घटस्फोटाची नोटीस आली तेव्हा कुणा शहाण्याने सांगितले होते, पाकीट घेऊ नका, घेतले तर फोडू नका. खरे तर उलटे आहे. घ्यायला नकार दिला तरी कायद्याच्या नजरेत नोटीस बहुधा पोचलीच असे धरले जाते, आणि आत काय आहे ते मात्र आपल्याला कळत नाही. तेव्हा पहिली गोष्ट, आलेले पाकीट त्याच दिवशी फोडायचे. फोडल्याने कसलीही जबाबदारी येत नाही. पाकीटसुद्धा टाकायचे नाही, त्यावर टपालाचा शिक्का असतो, तारीख असते.

आम्ही ते फोडले. आत एक कार्ड, आणि ‘आमच्या परिवारात आपले स्वागत’ असे पत्र. मावशींनी कधी नावही न ऐकलेल्या एका पेमेंट्स बँकेत त्यांच्या नावाने बचत खाते उघडलेले. नाव बरोबर, पत्ता बरोबर. मोबाइल नंबराचे शेवटचे चार आकडे मात्र त्यांच्या फोनचे नव्हते. आणि खाते उघडल्याची तारीख होती, हप्ता बंद झाला त्याच्या आदल्या महिन्यातली.

इथे थोडे तांत्रिक बोलावे लागेल, पण समजून घ्या, कारण बहुतेक कार्यकर्त्या नेमक्या इथे चुकतात. मीही चुकत होते. आधार खात्याला ‘जोडलेले’ असणे ही एक गोष्ट. एका बाईचे आधार पाच खात्यांना जोडलेले असू शकते. पण आधारच्या आधाराने सरकार जे पैसे पाठवते ते या पाचांपैकी एकाच बँकेत जातात. कुठल्या, ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडच्या एका यादीवरून ठरते. त्या यादीत एका आधार क्रमांकासमोर एकच बँक असते. नवीन खाते उघडताना ‘माझे अनुदान याच खात्यात घ्या’ अशी खूण झाली की जुन्या बँकेचे नाव पुसले जाते आणि नव्या बँकेचे चढते. खूण कुणी केली हे त्या यादीला कळत नाही. मावशींचे पैसे खरोखर जमा झाले होते. मावशींच्याच नावाच्या खात्यात. फक्त ते खाते मावशींचे नव्हते.

हे नवीन नाही. २०१७ साली आपण सगळ्या मोबाइलच्या दुकानांपुढे रांगा लावून सिमकार्ड आधारशी जोडत होतो, आठवते? त्या वेळी एअरटेलच्या ग्राहकांचे सिम पडताळताना त्यांच्या नकळत एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि त्यांचे गॅसचे अनुदान तिकडे वळले, अशा तक्रारी आल्या. वृत्तसंस्थांनी तेव्हा आकडे दिले होते २३ लाखांहून अधिक ग्राहकांचे आणि ४७ कोटी रुपयांचे. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने या कंपनीची आणि बँकेची आधारवरून पडताळणी करण्याची परवानगी स्थगित केली. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटी रुपये दंड केला. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सिमकार्ड आणि बँक खाते आधारशी जोडण्याची सक्ती रद्द केली, सरकारी योजनांसाठी मात्र आधार कायम ठेवले. गॅसच्या अनुदानाची वाट बघत बसलेल्या त्या २३ लाखांत किती बायका होत्या, हे कुणी मोजले असेल असे मला वाटत नाही.

आता मावशींच्या पाकिटाकडे परत येऊ. आम्ही काय केले, आणि आधी काय चुकीचे करणार होतो, तेही सांगते.

पत्रावर एक फोन नंबर होता. माझी तरुण सहकारी लगेच तो लावायला निघाली. तिला थांबवले. अशा पत्रांत खोटी पत्रेही असतात. बक्षिसाचे कूपन, ‘आपले खाते बंद होणार आहे’, सोबत छापलेला नंबर नाहीतर स्कॅन करायचा चौकोन. पत्रावरचा नंबर कधी लावायचा नाही, चौकोन स्कॅन करायचा नाही. बँकेचा नंबर आपण बाहेरून मिळवायचा, तिच्या शाखेच्या फलकावरून किंवा तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून. आणि समोरून कुणी ओटीपी विचारला की फोन ठेवून द्यायचा, मग तो साहेब कितीही गोड बोलत असो. आमचे पत्र खरे निघाले. तसे ते खोटे असते तर बरे, असे मावशी नंतर म्हणाल्या.

बँकेची जवळची जागा म्हणजे एका गाळ्यातला काउंटर. तिथला मुलगा सज्जन होता. म्हणाला, ‘मावशी, टेन्शन घेऊ नका. इथे अंगठा करा, खातं बंद करून टाकू.’ सुटलो, असे वाटले. पण तो छापील अर्ज मी वाचला. ‘मी, खाली सही करणार, माझे खाते बंद करण्याची विनंती करते.’ मैत्रिणींनो, हा अर्ज देऊ नका. ‘माझे खाते’ असे लिहिले की ते आपले झाले, त्यातल्या आजवरच्या सगळ्या उलाढालीसह. शिवाय खाते बंद झाले की आत काय घडले ते बघायची आपली वाटही अवघड होते.

आम्ही साध्या कागदावर अर्ज लिहिला. हे खाते मी उघडलेले नाही, उघडायला कुणाला सांगितलेले नाही. यातला मोबाइल नंबर मी वापरत नाही. या खात्यातून पैसे बाहेर जाणे ताबडतोब थांबवा. खाते कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, कोणत्या एजंटाने, कोणत्या कागदांवर उघडले त्याच्या प्रती द्या. सुरुवातीपासूनचा उतारा द्या. अनुदान या खात्यात वळवण्याची संमती कुठे आहे ती दाखवा. हे सगळे दिल्यावर खाते बंद करा, आणि माझ्यावर कसलेही देणे नाही असे लेखी द्या. कार्ड न वापरता परत करत आहे. शेवटच्या ओळीत अर्ज मावशींना वाचून दाखवल्याचे लिहिले, खाली अंगठा, खाली माझी सही. दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का. काउंटरवरच्या मुलाकडे शिक्का नव्हता, म्हणून मुख्य कार्यालयाला टपालाने पाठवले. (आपल्याला ‘रजिस्टर्ड एडी’ म्हणायची सवय आहे. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. आता स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच मिळण्याची सोय मागून घ्या.)

याच्या जोडीने त्यांच्या जुन्या, राष्ट्रीयीकृत बँकेत अर्ज दिला, माझे अनुदान पुन्हा याच खात्यात घ्या म्हणून. हे काम शाखेत संमतीचा फॉर्म भरून होते. अनुदान कुठल्या बँकेत वळवलेले आहे ते आधारच्या संकेतस्थळावर दिसते. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आणि अडचण तिथेच असते, कारण आपल्या निम्म्या बायकांच्या आधारला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर असतो. माझा आग्रह असा आहे की बाईच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर लावून घेणे हे आता आपण रेशनकार्डाइतकेच महत्त्वाचे काम मानावे.

बँकेचे उत्तर अठरा दिवसांनी आले. एका ओळीचे. ‘ग्राहकाची ओळख अंगठ्याच्या ठशाने पडताळली असून खाते नियमानुसार उघडले आहे.’

ती ओळ वाचून माझे डोके तापले. अंगठा जुळला म्हणून तिची संमती होती! आपल्या चळवळीला हा युक्तिवाद ओळखीचा नाही का? मथुरा खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकाराच्या खुणा नाहीत एवढ्यावरून संमती गृहीत धरली आणि त्यातून देशभरची चळवळ उभी राहिली. त्या अत्याचाराशी मी बँकेच्या खात्याची तुलना करत नाही, तसा गैरसमज करून घेऊ नका. पण विचार करण्याची रीत तीच आहे. तिच्या शरीराची खूण मिळाली, आता तिला काय हवे होते ते विचारायची गरज नाही.

मग मावशींना विचारले, गेल्या सहा महिन्यांत अंगठा कुठे कुठे दिला? रेशनच्या दुकानात. बँकेत. आणि ‘पोरानं नवं कार्ड काढलं फोनचं, तवा.’ पोरगा म्हणजे भाचा. आई लहानपणी गेली, मावशींनीच वाढवला. सिमकार्ड घ्यायला तो त्यांना टपरीवर घेऊन गेला होता. ‘थम लागंना म्हनला, परत लावा म्हनला. दोन येळा लावला.’ पहिला अंगठा सिमकार्डाला आणि दुसरा खात्याला, असे आम्ही समजलो. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते पाहता येते. मावशींच्या नावावर दोन निघाले. दुसऱ्याचे शेवटचे आकडे त्या पत्रातल्या आकड्यांशी जुळले. ते सिम भाच्याच्या खिशात होते.

पुढच्या आठवड्यात उतारा आला. योजनेचे साडेचार हजार त्यात जमा झालेले आणि लगेच बाहेर गेलेले. पण ते किरकोळच. त्याच्या अध्येमध्ये अठरा हजार, बेचाळीस हजार अशा रकमा येत होत्या आणि काही मिनिटांत दुसरीकडे जात होत्या.

हे काय असते ते स्पष्ट सांगते. फोनवरून फसवून लोकांचे पैसे काढणाऱ्या टोळ्यांना ते पैसे फिरवायला दुसऱ्यांची खाती लागतात. वस्तीतली बेकार पोरे दोन-पाच हजारांना खाते ‘भाड्याने’ देतात. स्वतःचे खाते अडकले की आईचे, आजीचे, बायकोचे. पोरांना ते चोरी वाटत नाही. ‘नुसतं अकाउंट दिलं, मी कुठं कुणाला लुटलं?’ असे म्हणतात. पण ज्याचे पैसे गेले तो १९३० या नंबरवर तक्रार करतो, पोलीस पैशाच्या मागावर निघतात आणि वाटेतले प्रत्येक खाते गोठवत जातात. शेवटी पोलिसांचे पत्र येते ते खात्यावर ज्याचे नाव त्याला. म्हणजे मावशींना.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगाव बायकांच्या नावावर जमीन करून दिली गेली. १९९४ साली महाराष्ट्राने देशातले पहिले महिला धोरण केले. घरावर तिचे नाव, सातबाऱ्यावर तिचे नाव, यासाठी आपल्या आधीच्या पिढीने चपला झिजवल्या. जमिनीवर नाव चढवायला अजूनही भाऊ तयार नसतात. कर्जावर, सिमवर, खात्यावर मात्र बाईचे नाव चटकन चढते. जनधन खात्यांत निम्म्याहून अधिक खाती महिलांची आहेत, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्यातली कार्डे कुणाच्या पाकिटात आहेत हेही एकदा वस्तीत विचारून बघा.

उतारा बघितल्यावर मावशी गप्प झाल्या. मग विचारले, ‘ताई, तो अर्ज मागं घेता यील का?’

आपल्या कामात हा क्षण नेहमी येतो, नवऱ्याच्या बाबतीत येतो तसाच. आमच्या केंद्रात यावर मतभेद झाले. एक म्हणाली, गुन्हा आहे, पोलिसांत गेलेच पाहिजे. दुसरी म्हणाली, पोराला बोलावून समज देऊ, खाते बंद करू, प्रकरण मिटवू. मला दोन्ही पटले नाही. निर्णय मावशींचा, हे आपण पाठ केलेले वाक्य आहे. पण तिला पुढे काय वाढून ठेवले आहे ते न सांगता ‘निर्णय तुमचा’ म्हणणे म्हणजे अंग काढून घेणे आहे. मी त्यांना बसवून सांगितले. गप्प बसलात तर उद्या कुठल्यातरी राज्यातून नोटीस येईल, आणि तेव्हा ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही, कारण आज तुम्हाला कळले आहे. तक्रार करताना कुणाचे नाव घ्यायचे की नाही हा वेगळा प्रश्न. पण विचारले तर खोटे बोलायचे नाही.

त्या आठ दिवस आल्या नाहीत. नवव्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, ‘लिवा. जे झालं तेवढंच लिवा.’ लिहिले. खाते मी उघडले नाही, टपरीवर दोनदा अंगठा घेतला, सिम माझ्याकडे नाही. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, ‘तुमचे पैसे गेलेत का? साडेचार हजार? एवढ्यासाठी?’ अशा वेळी शांतपणे सांगायचे, दुसऱ्याची ओळख वापरणे हाच गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ क, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर आधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक बरोबर नेला तर बोलणे जरा बदलते, असा आमचा अनुभव आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर मात्र अर्ज लिहीत बसू नका, आधी १९३० लावा. तिथे मिनिटांना किंमत असते.

परराज्यातल्या पोलिसांच्या पत्राबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण बायका त्याने गर्भगळीत होतात. आमच्याकडे आलेल्या एका भाजीवाल्या ताईंना हजार किलोमीटरवरच्या ठाण्यात ‘तीन दिवसांत हजर राहा’ असे पत्र आले होते. कुणा गिऱ्हाइकाने यूपीआयने दिलेल्या पैशांपायी त्यांचे खाते गोठले होते. त्या दागिने गहाण ठेवून तिकीट काढायला निघाल्या होत्या! अशा पत्रात आधी कलम बघायचे. साक्षीदार म्हणून माहिती द्यायला बोलावले असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे, म्हणजे जुन्या १६० प्रमाणे, स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. तसे लेखी कळवायचे, माहिती द्यायची तयारी दाखवायची, आणि त्या दिवशीच्या विक्रीचा जो काही पुरावा असेल तो जोडायचा. पत्रात कलम ३५(३) असेल तर मात्र ती संशयितासाठीची नोटीस. तिच्याकडे दुर्लक्ष करायचे नाही, त्याच दिवशी वकील गाठायचा. आणि फोनवरून, व्हिडिओवरून ‘तुम्हाला अटक झाली आहे’ म्हणणारा पोलीस हा पोलीस नसतोच. तशी अटक कुठल्याही कायद्यात नाही.

अनोळखी खात्यात किंवा आपल्याच खात्यात अनोळखी पैसे आले तर ते काढायचे नाहीत. ‘चुकून आले, परत पाठवा’ असा फोन आला तरी परत पाठवायचे नाहीत. बँकेला लेखी कळवायचे, बँक काय ते करील. इथे आपला प्रामाणिकपणाच आपल्याला अडकवतो.

कर्जाच्या पत्रांबद्दल थोडक्यात. न घेतलेल्या कर्जाची वसुली आली तर आधी पतनोंदीचा अहवाल काढा. देशात अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात आपल्या नावावरची सगळी कर्जे दिसतात. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकालात काढली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. बँक ऐकत नसेल तर तक्रारीला ३० दिवस झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर तक्रार चालते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

बोटांचे ठसे आधारच्या संकेतस्थळावरून कुलूपबंद करता येतात, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. नोकरदार बाईला तो ठीक आहे. पण ज्या बाईचे रेशन अंगठ्यावर मिळते तिला हा सल्ला देण्यापूर्वी दहादा विचार करा. कुलूप उघडायचे कसे हे माहीत नसेल तर त्या महिन्याचे धान्य गेले. आमच्याकडून एकदा ही चूक झाली आहे. त्या बाईला महिनाभर उसनवारीवर काढावे लागले, आणि तिने आम्हाला चांगलेच सुनावले.

आता शेवटचे, आणि हे आपल्याच घरातले. आपल्या कार्यालयातली कपाटे आठवा. प्रत्येक शिबिराच्या हजेरीबरोबर आधारची झेरॉक्स, प्रत्येक बचत गटाच्या फायलीत वीस बायकांची आधारे, पॅनकार्डे, सह्या केलेले कोरे फॉर्म. परवा आमच्या कपाटात मला २०१६ सालच्या दोनशे झेरॉक्स मिळाल्या. कशासाठी घेतल्या होत्या कुणाला आठवेना. किल्ली खिळ्याला टांगलेली. टपरीवाल्याला नावे ठेवताना मला त्या किल्लीची आठवण येते. आम्ही त्या सगळ्या फाडून जाळल्या. आता गरज नसेल तर प्रत घेत नाही. घ्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेले आधार घेतो, ते आधारच्या संकेतस्थळावरूनच मिळते. आणि प्रतीवर आडवे लिहितो, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली. हे लिहायला बायकांनाच सांगतो. सहीपुरते शिकलेल्या बायका ती ओळ वहीत चार-चार वेळा गिरवून आणतात.

मावशींचे काय झाले, असे तुम्ही विचारालच. लोकपालांकडे तक्रार गेल्यावर बँकेने खाते गोठवले आणि कागदांच्या प्रती दिल्या. दिवाळीच्या आधीपासून हप्ते जुन्या बँकेत येऊ लागले. आधीचे साडेचार हजार अजून मिळालेले नाहीत, मागणी चालू आहे. पोलिसांनी भाच्याला दोनदा बोलावले. त्याने टपरीवाल्याचे नाव सांगितले, टपरी तोवर हलली होती. भाचा आता दुसरीकडे राहतो. मावशींशी बोलत नाही. मावशी दर मंगळवारी येतात आणि पोस्टात काही आले असेल तर केंद्रात आणून फोडतात, त्यांचे आणि शेजारणींचेही.

बँकेला द्यायच्या अर्जाचा नमुना मागच्या टेबलावर चहाशेजारी ठेवला आहे. प्रती तीसच आहेत आणि आपण साठजणी आहोत, तेव्हा एका संघटनेने एकच घ्या आणि गावी जाऊन झेरॉक्स काढा. त्यात ‘खाते बंद करा’ हे वाक्य शेवटी आहे. ते वर आणू नका.